सिस्टरांची वही

कोकणात भातकापणी सुरू झाली की कामांची एकच गर्दी उडते. भारे खळ्यावर येतात, झोडणी होते, पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात, पावसात ढासळलेले गडगे सारखे केले जातात, पडवीतली फाटी हलवून उन्हात टाकली जातात. या प्रत्येक कामात माणसाचा हात कशाच्या तरी खाली जातो. लाल विंचू तिथेच बसलेला असतो. दिसायला जेमतेम बोटभर, तांबूस. मी देशावरची. आमच्याकडे विंचू चावला म्हणजे रात्रभराचा ठणका, सकाळी माणूस उठून कामाला. या तांबूस विंचवाने धडधाकट पोर सकाळपर्यंत मरू शकतं, हे मला कोकणात येऊन कळलं.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात रायगड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. सहा खाटा, एक जीप, वीज गेली की कंदील. आणि सिस्टर. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पंचक्रोशी त्यांना नर्सबाई म्हणायची, आम्ही कर्मचारी सिस्टर म्हणायचो. त्या मूळच्या तळकोकणातल्या, पण त्यांची जवळजवळ सगळी नोकरी याच भागात गेलेली. पन्नाशी उलटलेली, पांढरी साडी, केसांचा घट्ट अंबाडा, आवाज बेताचा. चारचौघांत मला ‘मॅडम’ म्हणायच्या, दोघीच असलो की ‘बाय’. मला वैद्यक शिकवलं ते माझ्या महाविद्यालयाने, त्याबद्दल मी कृतज्ञ आहेच. पण रोग्याकडे बघावं कसं, हे मला सिस्टरांनी शिकवलं. ते ऋण अजून अंगावर आहे.

रुजू झाल्यानंतरच्या पहिल्याच कापणीत, एका रात्री विंचू चावलेले दोन पेशंट एकदमच आले. एक तरणाबांड माणूस, मनगट धरून गुरासारखा ओरडत होता. त्याच्याबरोबर आलेली दहा-बारा माणसं त्याच्यापेक्षा मोठ्याने बोलत होती. त्यांच्या मागून एक बाई आली, तिच्या खांद्यावर सहा-सात वर्षांची मुलगी. मुलगी गप्प होती. सगळा व्हरांडा त्या माणसाभोवती गोळा झालेला. सिस्टर गर्दीतून वाट काढत थेट मुलीकडे गेल्या. तिच्या कपाळावरून पालथा हात फिरवला, तो ओला झाला. मग फ्रॉकखालून आलेले दोन्ही तळपाय आपल्या मुठीत धरले आणि तसेच धरून ठेवले.

‘‘तो ओरडतोय ना, त्याला काही होत नाही,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘मॅडम, ही बघा. ही गप्प आहे.’’

मुलीच्या पायांना मी हात लावला. आदल्या दिवसापर्यंत मला ‘हातपाय गार पडणे’ हे लक्षण पुस्तकातल्या यादीतून ठाऊक होतं. त्या रात्री ते बोटांना कळलं. कपाळावर घामाचे थेंब आणि पावलं मात्र विहिरीतून काढलेल्या कळशीसारखी थंड. घोट्याच्या वर हात नेला तर गारवा कुठे संपतो तेही कळत होतं. सिस्टरांनी माझा हात धरून घोट्यापासून पोटरीपर्यंत नेला आणि एका जागी थांबवला. ‘‘इथपर्यंत आलंय. गुडघ्याच्या वर गेलं की फार अवघड.’’

याचं शास्त्र मी पुढे नीट वाचलं. विंचवाचं विष मज्जातंतूंना असं चेतवतं की अंगात ॲड्रेनलिनच्या जातीच्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हातापायांपर्यंत रक्त धड पोचत नाही. म्हणून ते गार. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलून ढकलून हृदय थकतं, मग फुप्फुसांत पाणी भरतं, श्वास लागतो, तोंडाला गुलाबी फेस येतो. तिथून परत येणं कठीण. ज्याला चावल्या जागी असह्य ठणका आहे पण हातपाय उबदार आहेत, त्याच्यात विष बहुधा फार भिनलेलं नसतं. घाम, उलट्या, गार पाय आणि त्यातून येणारी ती विचित्र शांतता, हे खरं भयाचं. सिस्टरांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. त्यांनी ते किती घरांच्या दुःखातून गोळा केलं होतं ते मला हळूहळू कळत गेलं.

मी गेले तोवर औषध हाती आलेलं होतं, हे माझं भाग्य. ते कसं आलं हे सांगायलाच हवं, कारण माझं दुसरं ऋण तिथे आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आले. विंचवाने मरणारी माणसं त्यांनी बघितली आणि नशीब म्हणून सोडून दिली नाहीत. रात्र रात्र खाटेशी बसून ते नाडी, रक्तदाब, घाम, श्वास टिपत राहिले. १९८२मध्ये त्यांची निरीक्षणं ‘द लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात छापून आली. पुढे त्यांच्या ध्यानात आलं की रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध या आवळलेल्या वाहिन्या सैल करतं. १९८६मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. ज्या विषबाधेत शंभरातले तीस-चाळीस रोगी दगावत होते, तिथे हे प्रमाण एकाच्या आसपास आलं. औषधही साधी, स्वस्त गोळी. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मला जो आनंद झाला तो घरच्या माणसाचा सन्मान झाल्यासारखा होता.

त्या मुलीला आम्ही प्राझोसिन दिलं. वजनाच्या हिशोबाने, किलोला ३० मायक्रोग्रॅम. गोळीचा तुकडा कुटून चमचाभर पाण्यात. दर तीन तासांनी पुन्हा, हातपाय गरम होईपर्यंत. या गोळीत एक धोका असतो. पहिल्या मात्रेनंतर रोग्याला उभं केलं, बसवलं किंवा कडेवर घेतलं तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. मूल आडवंच राहिलं पाहिजे. आता विचार करा, लेकरू घामाने निथळतंय, ओकतंय, आणि आईला सांगायचं की त्याला उचलू नकोस. कुठली आई ऐकेल? मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तिचे हात मुलीच्या काखेत गेले.

सिस्टरांनी तिला रागावलं नाही. खाटेच्या पायथ्याशी स्टूल ठेवलं, तिला त्यावर बसवलं आणि मुलीचे दोन्ही पाय तिच्या ओंजळीत दिले.

‘‘तुला एक काम देते. हे पाय सोडायचे नाहीत. जरा जरी ऊब आली की मला हाक मार. मॅडमना कळायच्या आधी तुला कळेल.’’

ती बाई पहाटेपर्यंत हलली नाही. मुलगी आडवी राहिली. आणि उजाडायच्या सुमारास हाक आली, ‘‘नर्सबाई, पाय तापला!’’ मी धावत जाऊन पाहिलं तर मला फरक जाणवेना. सिस्टरांनी हात लावला आणि मान डोलावली. अर्ध्या तासाने मलाही जाणवला.

मूल उचलू नका ही सूचना वैद्यकाची आहे, ती माझ्याही तोंडी होती. पण घाबरलेल्या आईच्या हातांना काम दिलं तरच ते थांबतील, हे सिस्टरांना ठाऊक होतं. शिवाय आईच्या हातात पाय दिला की रोग्यावर नजर ठेवणारं आणखी एक माणूस मिळतं, तेही डोळ्याला डोळा न लावणारं. एका कृतीत त्यांनी दोन्ही साधलं होतं. मी विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? त्या म्हणाल्या, ‘‘एका आईनंच. तिनं पाय सोडलेच नाहीत. मी तिला बाजूला करत होते, आणि तिलाच आधी कळलं.’’

सिस्टरांची एक वही होती. सरकारी रजिस्टर वेगळं. ही त्यांची स्वतःची, दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली. लाल पेन्सिलीने रेघा मारून रकाने पाडलेले: गाव, वय, कधी चावला, कधी आणलं, घाम, उलटी, पाय कुठपर्यंत गार, गोळी कधी, पाय गरम कधी. शेवटचा रकाना होता, ‘कोणी सांगितलं’. त्यात आई, आजी, बाप, चुलती असे शब्द. काही ओळींत शेवटचे दोन रकाने कोरे होते. मी विचारलं नाही, विचारायची गरज नव्हती. त्या गावांत लसीकरणाला गेलं की सिस्टर त्या घरी पाच मिनिटं टेकायच्या, चहा घ्यायच्या, धाकट्या भावंडांची चौकशी करायच्या. वहीतल्या कोऱ्या जागा त्यांना नावानिशी पाठ होत्या.

ही वही त्या वाचायच्या. नुसतं लिहिणारे पुष्कळ असतात. पावसाळ्यात, केंद्रात गर्दी कमी असताना, त्या ती उघडून बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, ‘‘बाय, हे बघ. नदीपलीकडची पोरं सगळी उशिरा येतात. चावला संध्याकाळी, आणलं पहाटे. एकच गाव नाही, चारी गावं.’’ कारण त्यांना माहीत होतं. त्या चारही गावांचा भगत एकच. लोक आधी त्याच्याकडे जायचे, तो मंत्र टाकायचा, पाला चोळायचा, रात्र तिथेच जायची.

पुढच्या आठवड्यात त्या मला घेऊन भगताकडे गेल्या. मी मनातल्या मनात अंधश्रद्धेवरचं भाषण तयार करून निघाले होते. सिस्टरांनी ते बोलायची वेळच येऊ दिली नाही. भगत वयाने मोठा, त्याला त्या ‘बाबा’ म्हणाल्या, ओट्यावर बसल्या, त्याच्या गुडघ्याचं दुखणं ऐकून घेतलं. मग वही उघडली आणि त्याच्या गावांतल्या ओळी त्याला वाचून दाखवल्या. कधी चावला, कधी आणलं, काय झालं. आरोप नव्हता. फक्त वेळा होत्या. म्हाताऱ्याने मान खाली घातली. त्यातलं एक पोर त्याच्या भावकीतलं होतं.

‘‘बाबा, मंत्र म्हणा,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘पण गाडीत बसून म्हणा. पोराच्या शेजारी बसा, मंत्र म्हणत म्हणत केंद्रात या. तुम्ही आलात की लोक येतील.’’

तो खरंच यायला लागला. कधी दुधाच्या गाडीतून, कधी कोणाच्या ट्रॅक्टरवर. व्हरांड्यात पुटपुटत बसायचा आणि मूल सुधारलं की सकाळी आमच्याकडे चहा घेऊन जायचा. श्रेय कोणाचं हा प्रश्न सिस्टरांनी कधी उपस्थित केला नाही. त्या दृष्टीने पाहिलं तर तो माणूसही माझा शिक्षक. ज्या वयात माणसं आपली गादी सोडत नाहीत त्या वयात तो दुसऱ्याच्या व्हरांड्यात येऊन बसला.

तशीच एक कातकरी आजी. वीटभट्टीवर कामाला जायची, हातापायांवर चिरांचं जाळं. तिला आयुष्यात विंचू चावला नव्हता आणि तिच्या हाताखालच्या पोरींनाही क्वचितच चावायचा. सिस्टरांनी तिला केंद्राच्या अंगणात बोलावलं आणि गडगा कसा हलवायचा ते आम्हा सगळ्यांना दाखवायला सांगितलं. तिने दगडाची पलीकडची कड काठीने उचलली, दगड आपल्या अंगावर न उलथता समोरच्या बाजूला उलथला, त्याच्या सावलीत हात घालण्याआधी थांबली, मग काठीने खालची माती चाळवली. सगळं मिळून काही क्षणांचं काम. ‘‘घाई न्हाय करायची,’’ एवढंच बोलली. पुढे कापणीच्या आधी होणाऱ्या महिला मंडळाच्या बैठकांत सिस्टर हेच दाखवायच्या आणि दर वेळी सांगायच्या की हे अमक्या वाडीवरच्या आजीने शिकवलंय. ज्या वाडीकडे गाव एरवी पाठ फिरवायचं, तिचं नाव भर बैठकीत घेतलं जायचं. हेही मी बघत होते.

वयाने शहाणपण येतं असं आपण सहज म्हणतो. मला ते पूर्ण खरं वाटत नाही. वर्षं सगळ्यांचीच जातात. सिस्टरांइतकीच नोकरी झालेली माणसं मी पुढे खूप पाहिली. ‘आम्ही इतकी वर्षं हेच करत आलो’ हे वाक्य त्यांच्याकडून ऐकलं आणि त्या वाक्यापुढे काहीच चालत नाही हेही अनुभवलं. अनुभव माणसाला चुकीचंही शिकवतो, आणि चुकीचं शिकलेलं तेवढंच घट्ट बसतं. विंचवाचंच घ्या. प्राझोसिनच्या आधी या रोग्यांना ॲट्रोपिन दिलं जायचं, स्टिरॉइड दिली जायची, ॲलर्जीची इंजेक्शनं दिली जायची. ॲट्रोपिनने तर आधीच धावणारं हृदय आणखी धावायचं. बरीच माणसं तशीही जगायचीच, कारण विष कमी भिनलेलं असायचं. मग ज्याला इंजेक्शन दिलं आणि जो जगला, तो इंजेक्शनने जगला अशी खात्री पक्की व्हायची. अशा खात्रीवर वर्षंच्या वर्षं निघून जातात.

सिस्टरांनीही ती सगळी इंजेक्शनं दिलेली होती, वरच्यांच्या आदेशाने आणि पुढे स्वतःच्या विश्वासाने. गोळी आली तेव्हा त्यांची नोकरी निम्म्याहून जास्त झाली होती. त्या वयात एवढा जुना हात सोडून द्यायला मन कसं तयार झालं, असं मी त्यांना एकदा विचारलं. आम्ही ऑटोक्लेव्हपाशी उभ्या होतो. त्यांनी चिमट्याने सुया ट्रेमध्ये लावत लावत उत्तर दिलं.

‘‘वीस वर्षं दिली गं ती इंजेक्शनं. त्यानं पोरं वाचली असती तर सोडली असती का? वही माझीच होती. मीच लिहिलेलं होतं.’’

मी त्यांच्याकडून घेतलेल्या गोष्टींत हे सगळ्यांत मोठं. पाय कसा धरावा हे कोणीही शिकू शकतं. आपल्याच हाताने लिहिलेली नोंद आपल्याविरुद्ध गेली तर तिच्यावर विश्वास ठेवायचा, यासाठी मन कशाचं लागतं, मला अजून सांगता येत नाही. डॉ. बावस्करांनी जे शास्त्राच्या शिस्तीने केलं, तेच एका परिचारिकेने आपल्या परीने केलं होतं: रोग्यापाशी बसायचं, लिहायचं, लिहिलेलं पुन्हा वाचायचं, आणि ते जिकडे नेईल तिकडे जायचं. एकाचं काम जगाने वाचलं. दुसरीची वही केंद्राच्या कपाटात होती. माझ्या मनात दोघांची जागा शेजारी शेजारी आहे.

सरकारी सेवेच्या बंधपत्राची मुदत संपल्यावरही मी तिथेच राहिले. तालुका बदलला, पद बदललं, जिल्हा तोच. आंतरवासिता करायला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी रक्तदाबाचं यंत्र हातात देत नाही. आधी रोग्याच्या पायाला हात लावायला सांगते आणि गारवा कुठपर्यंत आहे ते बोटाने दाखवायला लावते. काहींना ते पटतं, काहींना वेळ लागतो.

सिस्टर निवृत्त होऊन गावी गेल्या. फोनवर बोलणं व्हायचं, गणपतीत आणि शिमग्याला हमखास. पेन्शन, आंबा यंदा कसा, नातू कितवीला गेला. २०११ साली डॉ. बावस्कर पती-पत्नींचा महाडमधल्या रोग्यांवरचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. तो माझ्या वाचनात आला, तेव्हा मी मुद्दाम फोन केला. सत्तर रोगी. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरची प्रतिलस. दहा तासांनंतर पाहिलं तर प्रतिलस मिळालेल्या ३५ जणांतले ३२ जण लक्षणांतून पूर्ण बाहेर आले होते. नुसत्या गोळीवरच्या ३५ जणांतले ८. मी हे मोठ्या उत्साहाने सांगत होते. मला वाटलं होतं, त्या ‘छान झालं’ म्हणतील. ज्या गोळीने त्यांची पोरं वाचवली, तिच्यापेक्षा काही वरचढ निघालं हे ऐकून थोडं वाईटही वाटेल कदाचित.

पलीकडे थोडा वेळ कागद सरकवल्याचा आवाज. त्या लिहून घेत होत्या.

‘‘पाय गरम व्हायला किती वेळ लागला?’’

मी लेख पुन्हा पाहिला. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ दिलेला होता: प्रतिलशीसह सुमारे आठ तास, नुसत्या गोळीवर सतरा-अठरा. तो आकडा सांगितला.

‘‘म्हणजे आईला दुसरी रात्र बसायला नको,’’ त्या म्हणाल्या. मग लगेच, ‘‘लहान पोरांना चालते का?’’

सहा महिन्यांवरच्या मुलांना अभ्यासात घेतलं होतं, हे मी सांगितलं.

‘‘आपल्या केंद्रात आल्यात का त्या बाटल्या?’’

मी म्हटलं, साठा कुठे कुठे आहे ते विचारते. तर म्हणाल्या, ‘‘विचारू नकोस बाय, मागणीपत्र घाल. नदीपलीकडच्या केंद्राचं आधी घाल. कापणीला महिनाच राहिलाय.’’